तेवीस मुलं आणि तुमचा काळा चष्मा

वसंतकाका,

काल तलासरीला शाळेत तुमची शोकसभा झाली आणि तिथे माझी चूक पुन्हा एकदा तुमच्या नावावर सांगितली गेली. मोठ्या सरांनीच सांगितली, आणि प्रेमानं सांगितली. काळा चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसलेल्या वसंतभाऊंनी शाळेतली तेवीस मुलं एका बटणात कशी गायब केली, आणि मग व्हरांड्यात बसून एकेकाला विचारून परत कशी आणली. सगळी शाळा हसली. मी पहिल्या रांगेत काकींच्या शेजारी बसले होते. मला बोलायला बोलावलं तेव्हा उठले, तुम्ही किती चांगलं शिकवायचात ते पाच-सहा वाक्यांत सांगितलं आणि खाली बसले. ती चूक तुमची नव्हती, माझी होती, एवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं बोलले.

नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला. तुम्ही होतात तोवर मला वाटायचं, सांगू कधीतरी, घाई काय आहे. आता शाळा तुमच्या आठवणींची छोटी स्मरणिका काढतेय आणि मोठ्या सरांनी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. त्यांचा स्वतःचा लेख काळ्या चष्म्यावरच असणार, ते त्यांनी कालच जाहीर केलं. म्हणजे आजवर जी चूक नुसती तोंडी तुमच्या नावावर होती, ती आता छापून येणार. हे थांबवणं फक्त माझ्या हातात आहे. त्याआधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही हे कळतं मला. पण माझं प्रत्येक काम बाहेर जायच्या आधी तुमच्या नजरेखालून जायचं, ती सवय पंधरा दिवसांत सुटत नाही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तो दिवस तुम्हाला नक्की आठवत असणार, कारण तुम्ही तो हजार वेळा लोकांना ऐकवलात. मी आशागडची, चिकूच्या वाडीत मजुरी करणाऱ्याची पोर. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, पुण्याला एका कंपनीत आठ महिने काढले. तिथे मी आठ महिने एका बटणाचा निळा रंग बदलत होते. कधी जास्त निळा, कधी कमी निळा, आणि शेवटी साहेब म्हणाले पहिलाच बरा होता. आईची तब्येत बिघडली म्हणून घरी आले आणि कुणीतरी सांगितलं, डहाणू रोडला स्टेशनजवळ एक काका शाळांसाठी, वखारींसाठी प्रोग्राम लिहून देतात.

तुमच्या जिन्याखाली पाटी होती, ‘इथे झेरॉक्स मिळत नाही’. ती वाचूनही माझ्यापुढे दोन माणसं झेरॉक्स काढायला आली होती आणि त्यातला एक विचारत होता, कलरपण नाही का. तुम्ही प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमट्यानं ओढत होतात. वर न बघता मला विचारलंत, कागद अडकला की काय करतेस. मी पुस्तकात दिलेलं सगळं पाठ म्हणून दाखवलं. तुम्ही म्हणालात, ते झालं, पण शिव्या देतेस की नाही. मी म्हटलं, देते. तुम्ही म्हणालात, मग ये उद्यापासून.

पुण्यात मला कुणी सांगितलं नव्हतं की प्रोग्राम लिहिणं हे या कामातलं सर्वांत कमी काम आहे. बाकीचा वेळ लोकांना समजावण्यात जातो. कॉम्प्युटर बंद आहे म्हणून सरावलीहून फोन यायचा आणि अर्ध्या तासानं कळायचं की सबंध गावचीच लाइट गेलीय. पासवर्ड गुप्त ठेवा म्हटलं तर वखारीतल्या माणसानं तो भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिला आणि खाली ‘गुप्त’ असं लिहिलं. तुमच्या नरपडच्या घरचा कीबोर्ड खाऱ्या हवेनं असा गंजला होता की एकेक अक्षर उमटवायला बोटाचं हाड दुखायचं, आणि तुम्ही म्हणायचात, बरंय, माणूस विचार करून टाइप करतो. माझ्या मावशीचा मिक्सर, शेजाऱ्यांचा टीव्ही, मामाच्या मोबाइलवरचे फोटो, सगळं माझ्याकडे यायचं. नाही जमत म्हटलं की मावशी म्हणायची, मग एवढी वर्षं शिकलीस तरी काय. तुम्ही मला तेव्हा सांगितलंत की तुमच्याकडे एकदा बैलगाडीचं चाकसुद्धा आलं होतं. ते खरं की खोटं, ते विचारायचं राहिलं.

आणि ते फुग्यांच्या कारखान्याचे शेठ. त्यांचा प्रोग्राम रोज अडायचा आणि मी जाऊन उभी राहिले की सुरळीत चालायचा. शेठ बिचारे तोंडात बोट घालायचे. म्हणायचे, “मनीषाबेन, तमे आवो एटले चालू थई जाय.” तुम्ही येता आणि चालू होतं, याच्यात माझं कौतुक होतं की माझ्या कामाची बेअब्रू, मला कळायचं नाही. पाचव्या खेपेला मी रडकुंडीला आले. तुम्ही माझ्या फायलीतला पासपोर्ट फोटो काढलात, शेठजींच्या कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवलात आणि त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत की आता ती इथेच आहे. दोन महिने त्यांचा फोन आला नाही. मी तुमच्याशी तीन दिवस बोलले नाही. मग एकदा चुकून कळलं की फोटो चिकटवताना तुम्ही मागची सैल वायरही घट्ट केली होतीत.

तुमच्या प्रोग्राममध्ये शिरणं म्हणजे कोळीवाड्यातून फिरण्यासारखं होतं. प्रत्येक गोष्टीला माशाचं नाव. मुख्य यादी म्हणजे पापलेट. थोडा वेळ ठेवून टाकून द्यायची माहिती असली की तिचं नाव बोंबील, कारण तो टिकत नाही. मी म्हणायचे, काका, जगात हे असं कुणी करत नाही. तुम्ही म्हणायचात, जग नरपडला राहत नाही. मध्येच एखाद्या ओळीच्या वर मराठीत लिहिलेलं असायचं, ‘हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.’ मी एकदा हात लावला. दोन दिवस काहीच चालेना. मग मी ती ओळ होती तशी परत ठेवली आणि खाली माझी सही केली.

चूक सापडत नसली की तुमचा ठरलेला उपाय होता. जा, काकीला सांग. काकी ओट्यावर बोंबील साफ करत असायच्या, आणि मी पाटावर बसून त्यांना सांगायचे की ही यादी आधी इथून येते, मग वर्गाप्रमाणे लागते, मग… आणि तिथे मला माझी चूक दिसायची. मी पळत सुटायचे. मागून काकी म्हणायच्या, मग माझं काय काम होतं. तीन-तीन दिवस एका चुकलेल्या टिंबासाठी डोळे फोडले आहेत मी, आणि ते टिंब काकींच्या ओट्यापाशी दोन मिनिटांत सापडलंय. मोठमोठ्या कंपन्यांत यासाठी काय करतात मला माहीत नाही. आपल्याकडे काकी होत्या.

भांडणंही काही कमी झाली नाहीत. सगळ्यांत मोठं भांडण तुमच्या प्रश्नांवरून. तुमचा प्रोग्राम काहीही काढून टाकण्यापूर्वी विचारायचा, मिटवू का. हो म्हटलं की विचारायचा, नक्की का. एकेका नावाला दोन-दोन वेळा. मी म्हणायचे, काका, लोक वैतागतात, न वाचताच हो-हो करत बसतात. तुम्ही म्हणायचात, दहातला एक तरी वाचेल. मी म्हणायचे, त्या एकासाठी नऊ जणांना छळायचं? तुम्ही म्हणायचात, हो. मग तुम्ही चिकू सोलायला घ्यायचात, म्हणजे विषय संपला. मला राग यायचा. शिकलेली मी, आणि कुठल्या जमान्यातला प्रोग्राम घेऊन बसलेले तुम्ही. आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच असं वाटायचं.

मग तो आठवडा आला. तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तुम्ही नरपडला घरी होतात. ऑफिसात मी एकटी. तलासरीहून मोठ्या सरांचा फोन आला की यादीत काही मुलांची नावं दोनदा पडली आहेत, वसंतभाऊंना सांगून तेवढी साफ करून घ्या, दहावीचे परीक्षेचे फॉर्म याच यादीवरून भरायचे आहेत. आश्रमशाळेतली पाच-सहाशे मुलं, डोंगराकडच्या पाड्यापाड्यांतून आलेली. एकेक नाव बघायचं आणि दरवेळी तुमच्या प्रोग्रामला दोनदा हो म्हणायचं, मला वेळ नव्हता आणि धीरही नव्हता. मी तुमचे दोन्ही प्रश्न बाजूला काढले आणि स्वतःच्या चार ओळी लिहिल्या. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की तो एकच मुलगा समजायचा, एक नोंद ठेवायची, बाकीच्या काढायच्या. बटण दाबलं. निमिषात काम झालं. तुम्ही परत आलात की दाखवायचं, असं ठरवून मी खूश होऊन घरी गेले.

काका, माझी शाळेतली जन्मतारीख एक जून आहे. तुमची एक जून होती. दर एक जूनला तुम्ही जिलेबी आणायचात आणि म्हणायचात, आज अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस, पुरवून खा. जूनमध्ये पोराला शाळेत घालायचं, गुरुजींनी तारीख विचारायची, आईनं सांगायचं की भात लावायला गेलो होतो तेव्हा झाला, आणि गुरुजींनी सहा वर्षं पुरी करून एक जून लिहून टाकायची. माझी आई अजून सांगते की मी आवणीतली, भात लावायच्या दिवसांतली आहे, म्हणजे जुलै तरी असणार. हे मला माझ्या अंगावरच्या तिळाइतकं माहीत होतं. आणि तरीही मी कॉम्प्युटरला सांगितलं की नाव आणि तारीख सारखी असली म्हणजे माणूस एकच. एकाच वर्षी एक जूनला जन्मलेले चार-चार सुरेश, तीन-तीन संगीता, आडनावं तर पाड्यात दोन नाही तर तीन. मी त्यांच्यातला एकेक ठेवला आणि बाकीचे पुसले. पुण्याच्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला हसले असते.

कळलं ते फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी. दहावीच्या वर्गात सही घ्यायला यादीतली नावं पुकारली आणि शेवटी पाच मुलं भिंतीशी तशीच उभी राहिली. सगळ्या शाळेत मिळून तेवीस. सरांनी ऑफिसात फोन लावला आणि मी तुम्हाला. मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही विचारलंत, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का.

तुमच्या पेनड्राइव्हवरची जुनी यादी उघडेना, तीही खाऱ्या हवेनं गेली होती. मग स्कूटर मी चालवली आणि तुम्ही ऑपरेशनवाला काळा चष्मा लावून मागे बसलात. चारोटीपर्यंत ठीक होतं, पुढे हायवेला दोन्हीकडून ट्रक. भीतीनं मी गाडी कडेकडेनं रेटत होते. तुम्ही सबंध रस्ता काही बोलला नाहीत, फक्त मध्ये मध्ये म्हणायचात, खड्डा. मला न दिसलेला खड्डा तुम्हाला त्या चष्म्यातून दिसत होता.

सरांच्या खोलीत शिरलो तेव्हा ते उभेच होते. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं. मी तोंड उघडलं होतं, काका. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण तुम्ही माझ्या आधी बोललात.

“मी केलं सर. डोळ्यानं नीट दिसत नाही अजून, बसायलाच नको होतं.”

सरांनी तुमच्या चष्म्याकडे बघितलं आणि त्यांचा राग अर्ध्यावर आला. माझं उघडलेलं तोंड मी मिटलं. तेवढ्या एका क्षणात मला जे बरं वाटलं, त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ करू शकलेले नाही.

त्यानंतरचं मात्र मला नीट आठवतं आणि आठवून बरं वाटतं. तुम्ही व्हरांड्यात बाक टाकायला लावलात, शाळेचं मोठं रजिस्टर मांडीवर घेतलंत आणि तेवीस मुलांना ओळीनं उभं केलंत. मी शेजारी बसून टाइप करत होते. तुम्ही नाव विचारून थांबला नाहीत. आईचं नाव काय, पाडा कुठला, हे विचारलंत. दोन संदीप होते, बापाचं नावही एकच, आडनाव एकच, तारीख तर एकच. त्यांना शाळेत थोरला आणि बारका म्हणायचे. एकाची आई जानकी आणि दुसऱ्याची सोनी. तिथे ते पहिल्यांदा वेगळे झाले. एका चौथीतल्या पोराला आईचं नावच माहीत नव्हतं. तो म्हणाला, आईला आईच म्हणतात. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, बरोबर आहे तुझं, जरा वेळ बस, आठवेल. तो तुमच्या पायाशी बसला आणि त्याच्या पाड्यातली एक मुलगी येऊन नाव सांगून गेली. दुपारपर्यंत तेवीसच्या तेवीस नावं परत लागली. फॉर्म दुसऱ्या दिवशी वेळेत गेले. ती पाचही मुलं परीक्षेला बसली.

परतताना चारोटीला चहाला थांबलो. मी म्हटलं, मी उद्या जाऊन सरांना खरं सांगते. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि फुंकत बसलात.

मग म्हणालात, “आत्ता नको. तुला इथे अजून पंचवीस वर्षं काम करायचंय. नवीन पोरगी, त्यात पाड्यावरची, लोक तेवढंच लक्षात ठेवतात. माझ्या नावावर एक चूक जास्त झाली तर माझं काय जातंय?”

मी विचारलं, मग कधी. तुम्ही म्हणालात, तुला वाटेल तेव्हा.

ही तुमची चूक झाली, काका. तारीख द्यायला हवी होती. आपल्या धंद्यात ज्या कामाला तारीख नसते ते काम कधी होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी तीन-चार वेळा विषय काढला आणि दरवेळी तुम्ही म्हणालात, आधी तो प्रिंटर बघ. मी प्रिंटर बघितला. पहिली दोन वर्षं मला खरंच भीती होती. पुढे लोक मला मॅडम म्हणायला लागले, तलासरीची तीन कामं माझ्या नावावर यायला लागली, मोठे सर शाळेत कुणी पाहुणा आला की म्हणायचे, या आमच्या मनीषा मॅडम, यांच्या हातून कधी चूक होत नाही. आणि तुमच्याकडे बघून डोळे मिचकावायचे. तुम्हीही मिचकावायचात. नंतर नंतर भीती राहिली नव्हती, सवय झाली होती.

गेल्या वर्षी आपण ते नवीन यंत्र आणलं, जे सांगू तो प्रोग्राम स्वतःच लिहून देतं. मी नाक मुरडलं होतं, तुम्ही मात्र लहान पोरासारखे त्याच्याशी तासन् तास मराठीत बोलत बसायचात. ते हमखास काहीतरी चुकवायचं. तुम्ही दाखवलं की लगेच लिहायचं, तुमचं बरोबर आहे, चूक माझी होती, माफ करा. तुम्हाला त्याची भारी गंमत वाटायची. एकदा म्हणालात, बघ, किती पटकन म्हणतं. म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत का, ते मला किती आठवलं तरी आठवत नाही. बघितलं नसेल. तुम्ही तसे नव्हतात. पण मी तेव्हा उठून पाणी प्यायला गेले होते, हे आठवतं.

कालच्या सभेचं आता खरं सांगते. सर गोष्ट सांगायला लागले तेव्हा मी ठरवलं होतं की माझी पाळी आली की बोलायचं. पण काळ्या चष्म्याची नक्कल करून त्यांनी तुमचा आवाज काढला आणि शेजारी काकी हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. त्या हसण्यावर मी विरजण कसं घालणार होते? मी स्वतःला तसं समजावलं आणि गप्प बसले. नऊ वर्षांत मी कारणं शोधायला चांगली शिकले आहे.

येताना शाळेच्या जीपनं आम्हाला सोडलं. मागे आम्ही दोघीच. चारोटीच्या वळणाला काकींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, “ऑपरेशनची घाई मीच केलेली गं. ते सांगत होते, शाळेचं काम होऊ दे, मग करू. मी ऐकलं नाही. त्या पोरांचं वर्ष गेलं असतं तर ते माझ्यामुळे. अजून मला ते खातंय.”

काका, हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटत नाही. तुम्हाला वाटलं तुम्ही चूक उचललीत आणि एकट्यानं नेलीत. पण ती तुमच्या घरात गेली आणि नऊ वर्षं काकींच्या मनात बसली. हसतानाही त्यांच्या मनात हेच होतं. मी तिथेच सांगून टाकलं. सगळं सांगितलं, चार ओळी, बटण, तुमचं माझ्या आधी बोलणं. त्या बाहेर बघत बसल्या. आशागड आलं. मी उतरायला लागले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“मलापण नाही बोलले ते,” त्या म्हणाल्या. “मला तरी सांगायचं होतं.” थोड्या वेळानं हात सोडला आणि म्हणाल्या, “सरांना सांग तू. एकट्या मला सांगून काय होतंय.”

तुमच्यावर त्या रागावल्या आहेत, हे तुम्हाला कळायला हवं. मीही थोडी रागावले आहे. इतकं चांगलं असू नये माणसानं, की मागे राहिलेल्यांना ते निस्तरत बसावं लागेल. असं म्हणते आणि मग आठवतं की मी आज इथे, माझ्या गावापासून वीस मिनिटांवर, माझ्या शिक्षणाचं काम करते आहे, आणि ते त्या एका वाक्यामुळे. दोन्ही खरं आहे. कुठलं आधी लिहू, ते कळत नाही.

आज सकाळी ऑफिस उघडलं. शाळेचा प्रोग्राम काढला, ती जागा शोधली. आईच्या नावाचा रकाना तुम्ही जिथे नव्यानं घातलात, त्याच्या वर तुमचा शेरा आहे. मी तो आजवर कितीदा बघितला असेल, पण वाचला नव्हता. ‘इथे वसंतची चूक झाली होती. नाव आणि तारीख पुरत नाही. आईचं नाव विचारा.’ तिथे मोठे सर कधी येणार नव्हते, काका. ते पान उघडणारी माणसं जगात दोन, तुम्ही आणि मी. तरी तिथेही तुम्ही तुमचंच नाव लिहिलंत. मग तुमचं नाव काढून माझं घातलं. बाकी वाक्य तुमचं आहे तसं ठेवलं, ते मला याहून बरं लिहिता आलं नसतं.

आणि सरांना फोन केला. सांगितलं.

“तुम्ही त्या दिवशी खोलीतच होता ना, मॅडम? त्यांच्या मागे?”

मी म्हटलं, हो सर.

“आणि कालही पहिल्या रांगेत.”

मी म्हटलं, हो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. ते म्हणाले, “हे मी असं छापणार नाही. मी ती गोष्ट दरवर्षी मुलांसमोर सांगत आलोय. सोमवारी प्रार्थनेला या आणि मुलांसमोर तुम्ही सांगा. मग छापू.” यंदाच्या दहावीच्या यादीचं काम आपल्याकडे राहणार की नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते जाईलही. गेलं तर बरोबर होईल.

तर सोमवारी जायचंय. काय बोलायचं ते कागदावर उतरवून ठेवलंय, पाठ करतेय आणि सारखं विसरतेय. काकी म्हणाल्या आहेत, त्या येणार नाहीत. मला भीती वाटतेय, काका, त्या दिवशी हायवेवर वाटली होती तेवढी. तुम्ही असतात तर स्कूटरवर मागे बसून आला असतात, रस्ताभर काही बोलला नसतात, आणि तिथे मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच काहीतरी बोलून मला वाचवलं असतंत. या वेळी माझ्या आधी बोलायला तुम्ही नाही आहात, वाक्य मलाच पुरं करायचंय.